चिखलीतला शेंदूर, अमडापूरचा मारुती

बुलढाणा जिल्ह्यातून परत आलो तेव्हा कचेरीतल्या प्रत्येकानं एकच विचारलं, लोणारचं सरोवर पाहिलंस का? नाही पाहिलं. सहा दिवसांत मी दहा माणसांच्या हिरड्या पाहिल्या, त्यांची मनगटं पाहिली आणि एक मारुती पाहिला. एवढ्याला कोणी प्रवास म्हणेल असं वाटत नाही. पण त्या बाजूला या कामासाठी कोणी जात नाही, आणि गेलेला लिहीत नाही, म्हणून लिहितो.

आधी माझं सांगतो. माझे वडील जुन्नरकडे कांदा-मेथी लावतात आणि कागदावर अंगठा उठवतात. आमच्या सगळ्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालो आणि मुंबईला सरकारी प्रयोगशाळेत लागलो. सामानाच्या लाकडी पेटीवर मी नावापुढे बी. एस्सी. ही अक्षरं पदरच्या पैशानं रंगवून घेतली होती. हसायचं त्यांनी हसावं.

नवं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. शिसं, पारा असल्या विषारी धातूंना ज्यांचा रोज हात लागतो त्या कामगारांची तब्येत तपासायची, आणि तीही नुसती मुंबईच्या कारखान्यांत नव्हे, तालुक्याच्या गावापर्यंत जाऊन, असं वर कुणीतरी ठरवलं. माझ्या वाट्याला चिखली आली. दोन छापखाने आणि एक बॅटरीचं दुकान. बरोबर डॉक्टर यायचे होते. मलकापूर स्टेशनवर उतरलो तर तार आली होती की डॉक्टर येत नाहीत, नमुने गोळा करून आणावेत.

मलकापूर ते चिखली

पेटीत ईथरची बाटली होती. ती आपटली तर सगळी एसटी गुंगीत जायची, म्हणून पेटी टपावर न देता मांडीवर घेतली. शेजारी एक म्हातारी बसली होती. तिच्या मांडीवर कोंबडी.

"काय हाय बावा पेटीत?"

"बाटल्या आहेत, आजी."

"कायच्या?"

"रिकाम्या."

म्हातारीनं कोंबडी सावरली. "रिकाम्या बाटल्या घेऊन मुंबईहून काऊन आले? इकडं भेटत नाईत का?"

यावर सरकारजवळही उत्तर नसावं. घाटात पळस लालभडक फुलला होता आणि बाकी सगळं वाळून करडं झालेलं. खिडकीतून येणारी हवा तव्यावरची वाटत होती. पुण्याला कॉलेजात आमच्या बोलण्याला पोरं हसायची, त्यामुळे इथलं "मले, तुले, जाऊन राह्यलो" ऐकून मला हसू आलं नाही. उलट बरं वाटलं. इथली माणसं दुसऱ्याला बरं वाटावं म्हणून जीभ वळवत नाहीत.

चिखलीला एका अडतीच्या मागं खोली मिळाली. समोरच्या खानावळीत भाकर, बेसन आणि मिरचीचा ठेचा. आमच्याकडे ठेचा ताटाच्या कडेला असतो, इथं मधोमध. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. वाढणारा म्हणाला, "पाणी पिऊ नोका साहेब, गूळ खा." चिखलीत सगळ्या दुखण्यावर गूळ हेच औषध आहे, हे मला दुसऱ्या दिवशी नीट कळलं.

दुकान

छापखान्यांतल्या पाच जुळाऱ्यांची तपासणी पहिल्या दीड दिवसात झाली. शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, बोटांनी उचलून जुळवायचे, काहीजण मोकळा खिळा ओठांत धरायचे. मी नको म्हणून सांगितलं, त्यांनी मान डोलावली. एकदोघांच्या हिरडीवर शंका घ्यावी असं होतं, फार नाही.

बॅटरीचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. जीप, ट्रक, ट्रॅक्टरच्या मेलेल्या बॅटऱ्या तिथं उघडायच्या, खराब प्लेटा काढायच्या, शिसं कढईत वितळवून नव्या जाळ्या ओतायच्या. मग त्या जाळ्यांत लाल भुकटीचा लगदा हातानं दाबून भरायचा. ही लाल भुकटी म्हणजे शेंदूर. मारुतीला लावतात तोच. शिसं जाळून तो बनतो, हे मला कॉलेजात कळलं, तोवर मीही त्याला देवाचीच वस्तू समजत होतो.

चार कामगार होते. चौघांची बोटं पेरापर्यंत लाल. मालक बाबूशेठ, पन्नाशीचे, गल्ल्यावर पंख्याखाली. माणूस वाईट नव्हता. मी धुळीचा विषय काढला तसे त्यांनी अभिमानानं एक डबा उघडून दाखवला.

"माह्या माणसाईले मी दिवसातून दोनदा गूळ देतो. धूळ सारी खाली उतरते. इचारा त्याहीले."

दुपारचे तीन वाजले होते. चौघं कामावरून उठले, लाल बोटांनीच डब्यातला एकेक खडा उचलला आणि तोंडात टाकला. मग डबा माझ्यापुढे आला. नको म्हणणं बरं दिसलं नसतं. खडा तोंडात विरघळल्यावर मला उमगलं की मी काय केलं. रसायनशास्त्राचा पदवीधर, शिशाची तपासणी करायला आलेला, शेंदूर लागलेला गूळ चघळत उभा. हात धुवायला पाणी कुठं आहे विचारलं, तर कोपऱ्यातला माठ दाखवला. नळ एक दिवसाआड. तो माठ पिण्यापुरता.

एकेकाला उजेडात बसवलं आणि ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. शिसं अंगात साचलं की दातांच्या मुळाशी हिरडीवर निळसर-काळी रेघ उमटते. तिघांना पुसट होती. चौथ्याला पेन्सिलीनं ओढल्यासारखी स्पष्ट.

त्याचं नाव गजानन, राहणार अमडापूर. प्लेटा भरण्यात त्याचा हात धरणारा आसपास नाही, असं बाबूशेठच म्हणाले. वय पस्तिशीचं, रंग मातीसारखा उतरलेला. मी त्याला दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगितले. हात आले, पण मनगटापासून पंजे खाली लोंबले. पाण्याला महाग झालेल्या रोपाची पानं लोंबतात तसे.

"वर करा पंजे."

"नाई होत साहेब. सकाळी तं टाळबी वाजवता नाई येत."

"कधीपासून?"

बाकीचे तिघं हसले. एकजण म्हणाला, "सांग ना बे, तुह्या साळ्याची करामत."

गजाननानं सांगितलं ते असं. अमडापूरच्या भजनी मंडळात तो पुढचा गाणारा. त्याच्या बायकोचा भाऊ, रामदास, त्याच्या मागं धरणारा. दिवाळीनंतर जानेफळच्या सप्त्यात मंडळाचं भजन होतं. उभं राहण्याआधी रामदासनं त्याला पानाचा विडा दिला. त्या दिवशी मध्येच आवाज फाटला, आणि मग पोटात कळा, मग हात. गाणाऱ्याचा आवाज घालवायचा तर विड्यातून शेंदूर चारायचा, हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे.

"माह्या जागेवर उभं राह्याचं होतं त्याले," गजानन म्हणाला. "मंडळानं आता ठरवलं, येत्या शनवारी त्याले काढून टाकाचं. माही बायको दिवाळीपासून माहेरात पाय ठेवत नाई. एका गल्लीत माहेर हाय तिचं."

तो हे सांगत होता आणि त्याची लाल बोटं मांडीवर पडली होती. मी त्या बोटांकडे पाहत राहिलो. शेंदूर त्याला चारला गेला होता, यात मला शंका नव्हती.

दिवा

माझ्या खिशातल्या हुकुमात एक कलम होतं. तपासणीचा निष्कर्ष कचेरीला आणि मालकाला कळवावा, कामगाराला परस्पर सांगू नये. मी हुकूम मानणारा माणूस आहे. ज्याच्या बापानं अंगठा उठवला त्याला सही करायला मिळालेल्या कागदाची किंमत असते. तो दिवस मी गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी चौघांनी सकाळच्या लघवीच्या बाटल्या आणल्या. गजाननानं त्याची अमडापूरहून एसटीत धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणली होती. "कंडक्टरनं इचारलं तेल हाय का, म्या हाव म्हणलो." या नमुन्यात जरा आंबट द्रव्य आणि ईथर घालून हलवलं की वर एक पातळ थर येतो. तो थर अंधारात माझ्या जांभळ्या दिव्याखाली धरायचा. शिशानं रक्त बिघडलं असेल तर लाल चमकतो. शेवटचा शब्द मुंबईच्या तपासणीचा, पण हा दिवा सहसा फसवत नाही.

मागच्या गोदामाचं दार लावून घेतलं. आत मी, बाबूशेठ आणि ते चौघं. आधी माझी स्वतःची बाटली धरली. फिकट निळी. मग एकेक. तिघांच्या गुलाबी-लालसर. गजाननाची धरली आणि काचेत वीट तापल्यासारखा लाल उजेड उभा राहिला.

गजाननच हळू म्हणाला, "शेंदरासारखा."

रंग तसा दिसणं हा योगायोग होता. पण मी खोडून काढलं नाही.

"हे कागदावर जाईन का?" बाबूशेठनी विचारलं.

"जाईल."

"मंग त्याले घरी बसवतो. उद्या काही झालं तं माह्यावर नको." त्यात दुष्टावा नव्हता. तराजूतून दगड उतरवावा तसा त्यांनी माणूस उतरवला.

गजानन माझ्याकडे वळला. "साहेब, शेंदूरच हाय ना? मंग शनवारी मंडळापुढं येऊन सांगा, शेंदूर चारला म्हणून."

कलम खिशात होतं. मी म्हणालो, "येतो."

अमडापूर, शनिवार

चिखलीहून अमडापूरला जीपनं गेलो. जीपमध्ये किती माणसं बसतात याला इथं नेम नाही. मी अर्धा बाहेर होतो.

गजाननाचं घर दोन खणांचं, सारवलेलं. बायको सुभद्रा अंगणात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत होती. आमच्याकडे हा प्रकार नाही. कणकेचे जाड गोळे राखेत पुरून भाजतात, झटकून तुपात चुरतात, वर वांग्याची भाजी. शनिवारचा मारुतीचा नैवेद्य होता. भिंतीला गजाननाचा कामाचा सदरा टांगला होता, खांद्यापासून लाल.

"हा सदरा कोण धुतं?" मी विचारलं.

"म्याच धुतो. दुसरं कोण धुईन?" सुभद्रा म्हणाली. इकडे बायाही 'धुतो' म्हणतात. मग तिनं नवरा पाणी आणायला गेलेला पाहून आवाज खाली केला. "साहेब, माहा भाऊ तसा नाई. लहानपणी मले ताप आला तं मुंग्या चावल्या तरी उशापासून हलला नाई तो. पण मी बोलू कोणाले? इकडं नवरा, तिकडं भाऊ."

मी सदऱ्याकडे पाहत होतो.

दुपार कलल्यावर मारुतीच्या पारावर मंडळ जमलं. पंधरा-वीस माणसं. मधे मंडळाचे म्हातारे वीणेकरी, सगळे त्यांना नाना म्हणत. रामदास पाराखाली एकटाच उभा होता. काटक, काळा, मान वर. अजून कोणी त्याला बस म्हटलं नव्हतं.

आधी पूजा झाली. पूजा गजाननच करायचा, कारण शेंदूर तोच आणायचा. दुकानातला, पाटाखाली सांडलेला, बाबूशेठच्या परवानगीनं कागदात बांधून. त्यानं तो तेलात कालवला आणि लोंबत्या पंज्यांनी, तळव्यानं रेटत, मारुतीच्या खांद्यांवर चोपडला. मग त्याच हातानं नारळाचे तुकडे आणि गूळ मोडून सगळ्यांना वाटला. एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला.

मी माझा प्रसाद मुठीत धरून ठेवला. खाल्ला नाही.

नाना म्हणाले, "साहेब मुंबईचे हायेत. त्याहीनं मशिनीवर पाह्यलं. सांगा साहेब, शेंदूर हाय का याच्या अंगात?"

"आहे."

पारावर गलका झाला. रामदासची मान खाली गेली. सुभद्रा बायांमध्ये उभी होती, तिनं पदर तोंडाशी धरला.

"थांबा," मी म्हणालो. "दुकानात चौघं कामाला आहेत. चौघांच्याही अंगात आहे. रामदासनं त्या चौघांना विडा दिला होता का?"

रामदासनं मान वर केली.

"त्यातले दोघं चिखलीचे, एक दुसऱ्या गावचा. रामदासला ते ओळखतही नाहीत. ते गातही नाहीत. त्यांना कुणी चारला?"

मी गजाननाला उठवलं, त्याचा हात धरून सगळ्यांना दाखवला. नखांत, रेषांत शेंदूर. "हा हात दिवसातून दोनदा गूळ खातो. याच हातानं भाकर खातो, विडी ओढतो. गेली किती वर्षं?"

"सात," गजानन म्हणाला.

"एका विड्यानं काय होणार? सात वर्षांच्या गुळानं झालं."

नानांना पटलं नव्हतं. "शेंदूर देवाचा हाय साहेब. देवाच्या वस्तूनं माणूस मरत नाई."

"नाना, देव शेंदूर अंगाला लावतो. खात नाही."

मागं कुणीतरी हसलं, मग दोघं हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी आपल्या हातातल्या गुळाच्या खड्याकडे पाहिलं, आणि तो खाली दगडावर ठेवला. बरेच खडे त्या दगडावर गोळा झाले. मुंग्यांची चंगळ होणार होती, किंवा मुंग्यांचाही काळ आला होता, मला माहीत नाही.

"आणि आवाज?" एकानं विचारलं.

"आवाजाचं मी छातीठोक सांगणार नाही. हाताचं आणि पोटाचं सांगतो. या कामातून बाजूला झालं तर बहुतेकांचे हात परत येतात. वेळ लागतो."

नाना रामदासकडे न पाहता म्हणाले, "वर ये बे. उन्हात काऊन उभा राह्यला?" एवढीच माफी. आमच्याकडेही याहून मोठी कोणी मागत नाही.

रामदास वर आला, पण मेहुण्याजवळ गेला नाही. सुभद्रा घरी जाऊन तांब्या घेऊन आली आणि भावापुढे धरला. "दादा, हात धू. जेवाले बस." त्यानं हात धुतले. हात मळलेले नव्हते, तरी वेळ लावून धुतले.

पंगतीत गजानन माझ्या शेजारी होता. सुभद्रानं त्याला रोडगा कुस्करून दिला, कारण त्याला कुस्करता येत नव्हता. त्यानं ताट थोडं पुढं सारलं.

"साहेब, बाबूशेठनं सोमवारपासून येऊ नको म्हणून सांगतलं. एकर दीड एकर कोरडं हाय आमचं, त्यात काय पिकते? मले दुसरं काम येत नाई आन् आलं तरी हे हात. तुम्ही मले बरं केलं का बेकार केलं?"

"तिथं राहिला असता तर हात कायमचे गेले असते."

"हाव. ते तं हायच." तो म्हणाला. आणि मग, राग नसलेल्या आवाजात, "पण तुम्ही माह्या प्रश्नाचं उत्तर नाई देलं."

नाही दिलं. आजही देता येत नाही.

पुन्हा चिखली

रविवारी अंग दुखत होतं, झोपून काढला. सोमवारी दुपारची गाडी होती. स्टँडवर जाताना वाटेत दुकान लागतं. बाबूशेठना सांगायचं राहिलं होतं की गुळाच्या डब्याशेजारी पाण्याची बादली आणि साबण ठेवा. डबा बंद करा म्हटलं असतं तर त्यांना ते दुष्टपणाचं वाटलं असतं, म्हणून बादली.

आत पाहिलं तर गजाननाच्या पाटावर रामदास बसला होता.

जाळी मांडीवर, लगदा हातात. नवशिक्याचा हात, लगदा कडेनं ओघळत होता. बोटं पहिल्या पेरापर्यंत लाल झाली होती. सकाळपासूनचीच ती.

"तुम्ही इथं?"

"दाजीचं घर चालाले पायजे ना साहेब." त्यानं मान वर केली नाही. "बहीण हाय माही. बाबूशेठ म्हणले, त्याच्या जागी घरचाच माणूस द्या. मंग म्या आलो."

"परवा पारावर मी काय सांगितलं ते ऐकलंत ना?"

"ऐकलं ना. सारं ऐकलं. हात धुऊन खाईन."

बाबूशेठ गल्ल्यावरून म्हणाले, "बादली आणतो आजच. तुम्ही काळजी करू नोका." मला वाटतं त्यांनी आणलीही असेल. नळ एक दिवसाआड होता, तेवढंच.

गाडीला अर्धा तास होता. मी पेटी खाली ठेवली, उघडली, एक बाटली काढली. नव्या माणसाची तपासणी कामाच्या पहिल्याच दिवशी करून ठेवावी, म्हणजे पुढे काय बिघडलं ते कळतं, असं नियमांत लिहिलेलं आहे. चिखलीत तो नियम ज्याला लागू झाला असा हा पहिलाच माणूस असावा. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. गुलाबी, स्वच्छ. मग हात समोर धरायला सांगितले. फळीसारखे ताठ राहिले.

तक्त्यावर लिहिलं: रामदास, पहिला दिवस, हात सरळ. पुढच्या रकान्यात, पुढील तपासणी, सहा महिन्यांनी. शाईनं लिहिलं.

"तुम्हीच येसान का?" त्यानं विचारलं.

"कुणीतरी येईल."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मारुतीच्या पाराखाली उभा होता तसंच. मग मागं जाऊन बाटली भरून आणली, बूच नीट लावून, फडक्यानं पुसून माझ्या हातात दिली.

गाडीत पेटी पुन्हा मांडीवर घेतली. रंगवलेली अक्षरं माझ्या छातीकडे होती, बाहेरून कोणाला दिसत नव्हती. रामदासची बाटली मी सगळ्यांत शेवटच्या खान्यात ठेवली होती. त्या दुकानातल्या पाच बाटल्यांपैकी तेवढी एकच दिव्याखाली निळी दिसणार, हे मला न तपासता माहीत होतं.